असई नांवाची आगबोट

आमच्या परभणी जिल्ह्यास समुद्र नाहीं. गोदावरी, पूर्णा व दुधना ह्या आमच्या नद्या. पावसाळ्यांत त्या दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यांत त्यांची वाळू उघडी पडते. तेव्हां लढाऊ जहाजांविषयींचा पाठ ह्या पानावर पाहून कोणी वाचक विचारील कीं, शेतकऱ्याच्या ओसरीवर ह्या विषयाचें काय काम? ह्या प्रश्नाचें उत्तर एका खेड्याच्या नांवांत आहे.

शेजारच्या जालना जिल्ह्यांत, भोकरदन तालुक्यांत, केळणा व जुई ह्या नद्यांच्या संगमाजवळ असई नांवाचें खेडें आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं तेथें दौलतराव शिंदे व नागपूरचे रघूजी भोसले यांच्या फौजांशीं इंग्रज सेनापति आर्थर वेलस्ली यानें लढाई केली. इंग्रजांचा जय झाला. तरी त्यांच्याच बाजूचीं दीड हजारांवर माणसें मेलीं किंवा जखमी झालीं. पुढें एकावन्न वर्षांनीं, १८५४ सालीं, मुंबईच्या गोदींत बांधलेली एक लांकडी लढाऊ आगबोट पाण्यांत सोडण्यांत आली, आणि तिला ह्याच खेड्याचें नांव देण्यांत आलें. ज्या गांवच्या बहुतेक लोकांनीं समुद्र कधीं पाहिला नसेल, त्या गांवाचें नांव इराणच्या आखातांत तोफांच्या धुरांतून फिरलें.

लांकडी लढाऊ आगबोटींचें युग फार थोडें टिकलें. मुंबईपुरतें बोलावयाचें तर तें १८२९ सालीं सुरू झालें आणि १८६३ सालीं संपलें. म्हणजे एका माणसाच्या उमेदीच्या वर्षांएवढें. परंतु तेवढ्या काळांत त्यांनीं देशांच्या सीमा बदलल्या. अशा कोणत्याहि बळाविषयीं तीन प्रश्न विचारणें आम्हांस उचित वाटतें: तें काय खाऊन चालतें? तें कोणाच्या हातांनीं उभें राहिलें? आणि तें काय वाहून नेतें? ह्या तीन प्रश्नांच्या आधारें आपण हा विषय समजून घेऊं.

वाफेचें बळ

चुलीवर पातेलें झांकून ठेवलें म्हणजे आधण आल्यावर झांकण खडखडूं लागतें, हें घरोघर सर्वांनीं पाहिलेलें आहे. पाण्याची वाफ झाली म्हणजे ती मूळच्या पाण्याच्या सुमारें सतराशें पट जागा मागते. ती जागा तिला दिली नाहीं, तर ती ढकलूं लागते. बॉयलर म्हणजे असें कोंडलेलें मोठें पातेलेंच होय. त्यांतील वाफ नळीवाटे लोखंडी नळकांड्यांत सोडतात. तेथील दट्ट्या ती पुढें-मागें सारते, आणि दांड्याच्या योगानें त्या दट्ट्याची हालचाल चाकास पोंचते.

पहिल्या आगबोटींस दोहों बाजूंस मोठालीं वल्ह्यांचीं चाकें असत. आपल्याकडील रहाटगाडगें पाणी वर आणतें. हीं चाकें पाणी मागें लोटीत आणि जहाज पुढें जाई. शिवाय डोलकाठ्या व शिडेंहि असत, कारण कोळसा संपला तर वाऱ्यावांचून दुसरा आधार नव्हता.

शिडाच्या जहाजास वाऱ्याची मर्जी सांभाळावी लागे. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत अरबी समुद्रावर नैर्ऋत्येचा वारा वाहतो. त्या दिवसांत मुंबईहून पश्चिमेस तांबड्या समुद्राकडे जाणें म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर जाणें. वारा पडला तर जहाज दिवसेंदिवस जागच्या जागीं उभें राही. आगबोटीस ही अडचण नव्हती. ती वाऱ्याविरुद्ध जाई, शांत पाण्यांत जाई, आणि विशेषतः नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर चढे. आतांपर्यंत जी शहरें नदीच्या आंत दूर वसून सुरक्षित होतीं, त्यांच्या वेशीपर्यंत समुद्रावरील तोफा आतां पोंचूं शकत होत्या. लढाऊ आगबोटीचें खरें महत्त्व ह्यांत होतें.

पण ह्या बळास मोठीं व्यंगेंहि होतीं. बॉयलरांत समुद्राचेंच पाणी घेत. आपल्या विहिरीचें जड पाणी चहाच्या किटलींत रोज उकळलें म्हणजे किटलीस आंतून पांढरें कीट चढतें. त्याप्रमाणेंच बॉयलरास मिठाचें व खाराचें जाड कीट चढे. तें वाढूं नये म्हणून आंतील खारें पाणी वरचेवर बाहेर सोडावें लागे, आणि त्याबरोबर जळलेल्या कोळशाची उष्णताहि समुद्रांत जाई. दुसरें असें कीं, चाकें जहाजाच्या बाहेर उघडीं असत. शत्रूचा एक गोळा नेमका बसला कीं जहाज लंगडें होई. शिवाय बाजूची मधली जागा चाकांनीं व्यापल्यामुळें तोफांस जागा उरत नसे. मुंबईंत १८१७ सालीं बांधलेल्या ‘त्रिंकोमाली’ ह्या शिडाच्या जहाजावर चाळिसांहून अधिक तोफा होत्या. १८५४ सालच्या ‘असई’वर त्या अवघ्या दहा होत्या, मात्र एकेक तोफ फार भारी होती.

ह्यू लिंडसे

मुंबईंत बांधलेली पहिली अशी आगबोट म्हणजे ‘ह्यू लिंडसे’. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या आरमारासाठीं गोदीचे मुख्य कारागीर नौरोजी जमशेटजी वाडिया यांनीं ती बांधिली, आणि १४ ऑक्टोबर १८२९ रोजीं ती पाण्यांत उतरली. ती ४११ टनांची होती, म्हणजे पुढील काळाच्या मानानें अगदीं लहान. तिचीं दोन एंजिनें, प्रत्येकीं ऐंशी अश्वशक्तीचीं, लंडनच्या मॉड्स्ले यांच्या कारखान्यांतून आणिलीं होतीं.

तिला पहिलें काम मिळालें तें टपालाचें. त्या काळीं इंग्लंडचें पत्र आफ्रिकेस वळसा घालून येई, आणि त्यास चार ते सहा महिने लागत. तांबड्या समुद्राच्या वाटेनें सुवेझपर्यंत आगबोट, पुढें मिसर देशांतून जमिनीवरून आणि पुन्हां समुद्रानें, असें टपाल गेलें तर किती वेळ वांचेल, हें पाहावयाचें होतें. येथेंच पोटाचा प्रश्न उभा राहिला. ह्या आगबोटींत साडेपांच दिवसांचा कोळसा मावावा अशी तिची रचना होती, आणि एडनपर्यंतची मजल अकरा दिवसांची होती. मग कोळसा तळांत भरला, खोल्यांत भरला, वरच्या तक्त्यावरहि रचला. जहाज इतकें खालीं बसलें कीं पाणी कांठाशीं आलें.

२० मार्च १८३० रोजीं कमांडर जॉन विल्सन यांच्या हाताखालीं ती मुंबईहून निघाली. अकराव्या दिवशीं ती एडनास लागली, तेव्हां तिच्यांत अवघ्या सहा तासांचा कोळसा उरला होता. पुढें जेद्दा व कुसैर येथें कोळसा घेत घेत ती २२ एप्रिल रोजीं सुवेझला पोंचली. एकंदर तेहतीस दिवस लागले; त्यांपैकीं प्रत्यक्ष चालण्यांत गेले सुमारें एकवीस, आणि बाकीचे बारा दिवस वाटेंतील बंदरांत, मुख्यतः कोळसा भरण्यांत गेले.

हा कोळसा कोठला, हेंहि पाहण्यासारखें आहे. तो इंग्लंडच्या खाणींतला होता, आणि तो शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेस वळसा घालून मुंबईस येत असे. तेथून पुन्हां शिडाच्या जहाजांनीं तो पुढील बंदरांवर आगाऊ पाठवावा लागे. म्हणजे ज्या वाऱ्याची गुलामगिरी टाळण्यासाठीं आगबोट बांधली, त्याच वाऱ्याच्या पाठीवर बसून तिचें अन्न येत होतें. खर्चाचा आंकडा पाहून कंपनीच्या लंडनमधील संचालकांनीं नापसंती दर्शविली. पण वाट सिद्ध झाली होती, आणि ती पुन्हां सोडणें कोणासहि शक्य नव्हतें.

कोळशाची भूक

पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें मिळालें: आगबोट कोळसा खाते. आतां त्या भुकेचा परिणाम पाहा. मुंबई आणि सुवेझ ह्यांच्यामध्यें कोळसा सांठविण्यास पक्की जागा हवी होती, आणि एडनचें बंदर त्यास सर्वांत सोयीचें होतें. १८३७ सालीं ‘दर्या दौलत’ नांवाचें एक जहाज एडनजवळ फुटलें व लुटलें गेलें. त्याची भरपाई व बंदराचा ताबा यांविषयीं तेथील सुलतानाशीं बोलणीं झालीं, तीं फिसकटलीं, आणि १९ जानेवारी १८३९ रोजीं मुंबईहून गेलेल्या फौजेनें एडन घेतलें. तें पुढें १९६७ सालापर्यंत इंग्रजांच्या हातीं राहिलें. एका लहानशा टपालाच्या आगबोटीची भूक भागविण्याच्या विचारापासून आरंभ झाला, आणि एका शहराचें स्वातंत्र्य सवाशें वर्षांहून अधिक काळ गेलें.

ह्याच सुमारास चीनमध्यें अफूची लढाई पेटली. चीनच्या बादशहानें अफूची आयात बंद करण्याचा निश्चय केला होता. ती अफू हिंदुस्थानांतून जात असे, आणि माळव्यांतील अफू मुंबई बंदरांतून चढत असे. ह्या लढाईंत आगबोटींनीं यांगत्से नदींत शिडाचीं मोठीं जहाजें प्रवाहाविरुद्ध ओढून नेलीं. १८४० सालीं मुंबईंत बांधलेली ‘ऑकलंड’ ही आगबोट त्यांत होती. शेवटीं २९ ऑगस्ट १८४२ रोजीं नानकिंगचा तह झाला, आणि तो ज्या जहाजावर झाला तें ‘कॉर्नवॉलिस’ हेंहि १८१३ सालीं मुंबईच्या गोदींत सागवानाचें बांधलेलें होतें. आमच्या देशांतील लांकूड व आमच्या देशांतील कारागिरी ह्या दोहोंचें कौतुक करितांना तें जहाज कोणत्या कामास लागलें, हें विसरूं नये.

गोदींतील हात

आतां दुसरा प्रश्न. हीं जहाजें कोणीं बांधलीं? मुंबईच्या गोदीचा पाया एका सुरतेच्या सुतारानें घातला, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. १७३६ सालीं लवजी नसरवानजी वाडिया हे आपल्याबरोबर कांहीं सुतार घेऊन सुरतेहून मुंबईस आले, आणि त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ त्यांच्याच घराण्यांतील पुरुष त्या गोदीचे मुख्य कारागीर होते. मलबारचें सागवान त्यांच्या हातीं होतें. इंग्लंडांतील जहाजें ओकच्या लांकडाचीं असत. ओकमध्यें जो आंबट रस असतो तो लोखंडी खिळ्यास खातो. सागवानांत तेलाचा अंश असून तो लोखंडास जपतो. किडीपासूनहि सागवान अधिक सुरक्षित असतें. म्हणून मुंबईचें जहाज म्हटलें म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या टिकणारें जहाज, असा लौकिक झाला.

वाफेचें युग आल्यावर लांकूड येथलें व एंजिन परक्याचें अशी स्थिति झाली. ती पालटावी अशी ईर्ष्या ह्याच घराण्यांतील एका तरुणानें धरली. त्यांचें नांव अर्देशीर कर्सेटजी. त्यांनीं वाफेचें यंत्र स्वतः अभ्यासलें व घडविलें, आणि १८३३ सालीं माझगांव येथें ‘इंडस’ नांवाची लहान आगबोट पाण्यांत सोडली. १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस आपलें सभासद निवडलें; हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. त्यानंतर ते मुंबईस कंपनीच्या वाफेच्या कारखान्याचे मुख्य इंजिनियर झाले, आणि युरोपियन कामगार त्यांच्या हाताखालीं काम करूं लागले. त्याच घराण्यांतील जहांगीर नौरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे दोघे तरुण १८३८ सालीं इंग्लंडास गेले, तेथील गोद्यांत जहाजबांधणी शिकले आणि १८४१ सालीं परत आले.

हीं नांवें इतिहासांत राहिलीं, हें योग्यच झालें. परंतु एका जहाजास शेंकडों हात लागत. ओंडके कापणारे करवतकरी, फळ्यांच्या फटींत काथ्या-कापूस ठोकून वर डांबर भरणारे, तळास तांब्याचे पत्रे ठोकणारे, ह्यांचीं नांवें कोणत्याहि पुस्तकांत नाहींत. जहाज चालूं लागल्यावर खालीं भट्टीपाशीं आगवाले उभे असत. वर समुद्राचा वारा, आणि खालीं वैशाखांतील वीटभट्टीसारखी धग. तांबड्या समुद्रांतील उन्हाळ्यांत तर ती सोसवत नसे. फावडें थांबलें कीं वाफ उतरे, वाफ उतरली कीं चाक मंदावे. कप्तानाचा हुकूम, तोफांचा मारा व राज्यकर्त्यांचा दरारा हीं सर्व त्या फावड्यावर उभीं होतीं. बळ कोणाचें, असें विचारणारानें नेहमीं खालच्या मजल्यावर जाऊन पाहावें.

असई व पंजाब

१८५४ सालच्या मार्च महिन्यांत ‘असई’ आणि एप्रिल महिन्यांत तिची जोडीदारीण ‘पंजाब’ पाण्यांत उतरली. ह्या दोन्ही वल्ह्यांच्या चाकांच्या आगबोटी सतराशें ते अठराशें टनांच्या, म्हणजे ‘ह्यू लिंडसे’च्या चौपटीहून मोठ्या होत्या. त्यांचीं नांवें पाहा. एक १८०३ सालच्या लढाईचें, दुसरें १८४९ सालीं खालसा केलेल्या प्रांताचें. जिंकलेल्या भूमीचीं नांवें जहाजांवर रंगवून तीं पुढील लढाईस पाठविण्याची ही रीत होती.

तशी लढाई लौकरच आली. १८५६ सालीं इराणच्या शहानें हेरात शहर घेतल्यावरून इंग्रजांनीं त्याजशीं युद्ध पुकारलें. मुंबईहून आरमार निघालें. त्याचे मुख्य सेनापति सर हेन्री लीक यांचें निशाण ‘असई’वर होतें. १० डिसेंबर १८५६ रोजीं जहाजांच्या तोफांपुढें बुशायर शहर शरण आलें. पुढें २६ मार्च १८५७ रोजीं आगबोटी शट्ट-अल-अरब नदींत वर चढल्या आणि मोहमरा येथील मोर्चांवर त्यांनीं मारा केला. ‘असई’ त्यांत होती. कांहीं तासांत इराणी तोफा गप्प झाल्या, फौज उतरली आणि मोहमरा पडलें. दोन्ही बाजूंचीं माणसें मेलीं, त्यांत इराणी अधिक.

आतां ह्या पाठांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतों. पॅरिस शहरीं इंग्रज व इराणी वकिलांनीं तहावर सह्या केल्या, तो दिवस होता ४ मार्च १८५७. म्हणजे मोहमऱ्याची लढाई झाली तेव्हां तह होऊन बावीस दिवस लोटले होते! युद्ध संपलें होतें. फक्त तें संपल्याची बातमी तेथपर्यंत पोंचली नव्हती. त्या नदीच्या कांठीं जे मेले, ते शांततेच्या काळांत मेले. ज्यांनीं तोफा डागल्या त्यांस ठाऊक नव्हतें, आणि ज्यांच्यावर त्या पडल्या त्यांसहि ठाऊक नव्हतें. वाफेनें तोफ जेथें पोंचविली, तेथें शब्द पोंचला नाहीं. मनुष्याच्या हातीं आलेलें बळ त्याच्या ज्ञानाच्या पुढें धांवलें म्हणजे काय होतें, ह्याचें ह्याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सांपडेल.

ओलें लांकूड आणि लोखंड

ह्याच वर्षांत युरोपांत काय चाललें होतें, तें थोडक्यांत सांगूं. ३० नोव्हेंबर १८५३ रोजीं काळ्या समुद्रावरील सिनोप बंदरांत रशियाच्या आरमारानें फुटणाऱ्या गोळ्यांनीं तुर्कांचीं लांकडी जहाजें जाळून टाकिलीं. लांकडाचे दिवस भरले, हें त्या दिवशीं जाणत्यांस कळलें. तरीहि त्या युद्धांत उथळ पाण्यांत शिरणाऱ्या लहान आगबोटींची गरज पडली, आणि १८५५-५६ सालीं इंग्लंडनें दीडशेंच्या वर लांकडी गनबोटी घाईघाईनें बांधल्या. एकेक गनबोट सुमारें शंभर-सव्वाशें फूट लांब, साठ अश्वशक्तीची आणि तीन-चार तोफांची. वल्ह्यांच्या चाकांऐवजीं तिला पाण्याखालीं फिरणारा मळसूत्री पंखा असे. असा पंखा चाकापेक्षां बलवान असतो, हें १८४५ सालीं ‘रॅटलर’ व ‘अलेक्टो’ ह्या दोन आगबोटी पाठीस पाठ बांधून ओढवून पाहिल्यानें ठरलें होतें. त्या चढाओढींत पंख्याच्या ‘रॅटलर’नें चाकांच्या ‘अलेक्टो’स ओढून नेलें.

पण ह्या घाईंत एक चूक झाली. वाळलेलें लांकूड पुरलें नाहीं, म्हणून कित्येक गनबोटींस ओलें लांकूड घातलें. आमच्या खेड्यांतील सुतार गाडीच्या चाकासाठीं बाभळीचें लांकूड तोडतो व तें वाळूं देतो. ओल्या लांकडाची गाडी केली तर आरे हलतील व धांव निसटेल, हें त्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. जी गोष्ट खेड्यांतील सुतारास ठाऊक असते ती युद्धाच्या घाईंत मोठ्या राज्यास आठवली नाहीं. लढाई संपल्यावर त्या गनबोटी किनाऱ्यावर ओढून ठेविल्या, आणि थोड्याच वर्षांत त्यांतील पुष्कळांचीं लांकडें आंतून कुजलेलीं आढळलीं. उलट १८१७ सालचें मुंबईचें ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडांतील हार्टलपूल बंदरांत आजहि पाण्यावर तरंगत आहे. घाईचें बळ आणि मुरलेलें बळ ह्यांतील भेद असा असतो.

शेवटीं फ्रान्सनें १८५९ सालीं लोखंडी कवचाचें ‘ला ग्ल्वार’ आणि इंग्लंडनें १८६० सालीं सर्व लोखंडाचें ‘वॉरियर’ पाण्यांत सोडलें. ८ मार्च १८६२ रोजीं अमेरिकेंतील यादवी युद्धांत ‘व्हर्जिनिया’ ह्या एकाच लोखंडी कवचाच्या जहाजानें एका दिवसांत दोन मोठीं लांकडी जहाजें नष्ट केलीं. त्यानंतर प्रथम श्रेणीच्या लढाईंत लांकडी जहाजाचें काम उरलें नाहीं.

एंजिन गेलें, सागवान राहिलें

३० एप्रिल १८६३ रोजीं कंपनीच्या काळापासून चालत आलेलें ‘इंडियन नेव्ही’ नांवाचें आरमार मोडण्यांत आलें. ‘असई’ व ‘पंजाब’ इंग्लंडास गेल्या व विकल्या गेल्या. तेथें जॉन विलिस नांवाच्या जहाजमालकानें त्या घेतल्या, ‘असई’ दुसऱ्यास विकली आणि ‘पंजाब’ स्वतःकडे ठेविली. दोन्हींचीं एंजिनें व चाकें काढून टाकण्यांत आलीं. जें नवें म्हणून मिरवलें होतें तें नऊ वर्षांत भंगारांत गेलें. ज्यास जुनाट म्हणत होते तें सागवानाचें धड व शिडें शाबूत राहिलीं.

आणि त्यांना नवें काम काय मिळालें? इराणच्या आखाताच्या तळाशीं तारायंत्राची दोरी टाकण्याचें ठरलें होतें. ती मैलोगणती तार इंग्लंडाहून ज्या शिडाच्या जहाजांत भरून आणिली, त्यांत ‘असई’ होती आणि ‘पंजाब’हि होती, तिचें नांव आतां ‘ट्वीड’ असें ठेविलें होतें. १८६४ सालीं ती तार ग्वादरपासून शट्ट-अल-अरबच्या मुखाशीं असलेल्या फाव बंदरापर्यंत टाकली गेली, आणि १८६५ सालीं हिंदुस्थान व युरोप तारेनें जोडले गेले. सात वर्षांपूर्वी ज्या पाण्यांत ‘असई’नें तहाच्या बातमीअभावीं तोफा डागल्या, त्याच पाण्यांत बातमी वाहून नेणारी तार तिनेंच आणून दिली. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर येथें पूर्ण होतें. धड तेंच, लांकूड तेंच, त्यावर नांवहि तेंच. पण पोटांत काय भरलें, त्यावरून तें जहाज मरणाचें कीं माणसांच्या उपयोगाचें, हें ठरलें.

ही तार सर्वस्वीं परोपकारासाठीं टाकली, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. १८५७ सालच्या उठावानंतर राज्यकर्त्यांस हिंदुस्थानची खबर लौकर हवी होती, आणि तार त्यांच्या हुकमतीचेंहि साधन झाली. पण ज्या तारेवरून हुकूम जातो तिच्यावरूनच ‘लढाई थांबवा’ हा शब्दहि जाऊं शकतो, आणि बंदुकीच्या नळींतून तो जात नाहीं.

‘असई’ १८६५ सालीं मुंबईहून परत जातांना आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ फुटली. ‘ट्वीड’ मात्र पुढें सुमारें तेवीस वर्षें चालली. तिच्या धडाचा घाट इतका उत्तम होता कीं, विलिस यांनीं १८६९ सालीं ‘कटी सार्क’ नांवाचें वेगवान जहाज बांधविलें तेव्हां त्याच्या रचनेंत तिच्या घाटाचा उपयोग केला. तें ‘कटी सार्क’ लंडनजवळ ग्रीनिच येथें आजहि जपून ठेविलें आहे. १८८८ सालीं वादळांत डोलकाठ्या मोडून ‘ट्वीड’ निकामी झाली, आणि दक्षिण आफ्रिकेच्या अल्गोआ उपसागरांत तिचा शेवट झाला. तिचें सागवान पोर्ट एलिझाबेथ येथील एका ख्रिस्तमंदिराच्या छपरास लागलें, असें जहाजांच्या इतिहासांत नमूद आहे. मलबारच्या अरण्यांत वाढलेला वृक्ष, मुंबईच्या सुतारानें तासलेला, तोफांचा भार वाहून, तारेचा भार वाहून, शेवटीं परदेशांतील लोकांच्या डोक्यावर सावली धरून उभा राहिला.

उपसंहार

वाफेचें एंजिन आमच्या जिल्ह्यांत विसाव्या शतकाच्या आरंभीं आगगाडीच्या रूपानें आलें, आणि आतां तेंहि जाऊन डिझेलचीं व विजेचीं एंजिनें आलीं आहेत. नवीं साधनें येतच राहणार; त्यांचें भय धरूं नये आणि त्यांची पूजाहि करूं नये. मळ्यांत नवें यंत्र येवो, हातांत नवें उपकरण येवो, कीं गांवावर नवी सत्ता येवो, आपण तेच तीन प्रश्न विचारावे. हें काय खातें? ज्याचा खर्च आपण पाहत नाहीं तो कोण भरीत आहे? ह्याच्या खालच्या मजल्यावर कोणाचे हात आहेत, आणि त्यांचें नांव कोणी घेतें काय? आणि हें काय वाहून आणतें?

केळणेच्या कांठचें असई गांव आजहि आहे. तेथील शेतांत पेरण्या होतात, कापणी होते. त्याचें नांव घेऊन समुद्रावर गेलेली आगबोट पाण्याखालीं गेली. पण तिच्याबरोबरच्या जहाजांनीं वाहून आणलेल्या तारेनें जो मार्ग उघडला, त्या मार्गानें शब्द अजून येत-जात आहेत.

विचारासाठीं प्रश्न

१. ‘ह्यू लिंडसे’स सुवेझपर्यंत तेहतीस दिवस कां लागले? त्यांपैकीं चालण्यांत किती गेले?

२. आगबोटीच्या कोळशाचा व एडन घेण्याचा संबंध काय?

३. सागवान व ओक यांत जहाजबांधणीच्या दृष्टीनें भेद कोणता? ओल्या लांकडाच्या गनबोटींचें काय झालें?

४. मोहमऱ्याची लढाई तहानंतर किती दिवसांनीं झाली? आपल्या गांवांत खरी बातमी वेळेवर न पोंचल्यामुळें कोणतें भांडण वाढलें, तें आठवून पाहा.

५. आपल्या रोजच्या वापरांतील एक यंत्र घ्या, आणि वरील तीन प्रश्न त्यास विचारून त्यांचीं उत्तरें लिहून काढा.